खोल रीफ टाकीचा लाइट: आधी टेप, मग कागद, दिवा सर्वांत शेवटी

"टाकी तीन फूट खोल आहे, किती वॅटचा लाइट घेऊ?" रीफ टाकीबद्दल, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायच्या टाकीबद्दल, हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा येतो, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा लाइट आधीच मागवलेला असतो. दोन महिन्यांनी त्याच टाकीचे फोटो येतात. वरच्या खडकावरचं झुडपी कोरल, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा पांढरं पडलेलं असतं आणि खाली वाळूवरची कोरल तपकिरी होऊन उजेडाकडे ताणलेली असतात. लाइट चांगलाच असतो. बिघडतो तो कामाचा क्रम.

हा लेख ३० इंचांपेक्षा (सुमारे ७५ सेंमी) खोल टाकीसाठी आहे. उदाहरणाला १५० सेंमी लांब, ७५ सेंमी रुंद आणि ९० सेंमी उंच टाकी घेते, कारण माझी स्वतःची टाकी याच मापाची आहे आणि त्यातल्या चुका मी जवळून पाहिल्या आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट. भारतात दगडी सांगाडा बांधणारी सगळी कोरल, शिवाय सी फॅन, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातून असो की मन्नारच्या आखातातून, तिथून काढलेलं कोरल विकत घेणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे. टाकीत वाढवलेलं कोरल जिथे कायदेशीरपणे मिळतं अशा देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांना धरून मी लिहिते आहे.

पुढे ‘पार’ (PAR) हा शब्द सतत येईल. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे कोरलच्या आत राहणाऱ्या शैवालाला अन्न तयार करायला उपयोगी पडणारा प्रकाश एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतो, त्याचं हे माप. एकक मायक्रोमोल. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. पार म्हणजे कोरलच्या ताटात किती पडतं.

## टप्पा १: टेप घ्या आणि चार उंच्या लिहा

टाकीची बाहेरची उंची कामाची नाही. लिहायच्या त्या या चार:

१. काठापासून पाण्याच्या पातळीपर्यंत (बहुधा ४ ते ५ सेंमी).
२. पाण्यापासून सर्वांत वरच्या खडकाच्या माथ्यापर्यंत.
३. पाण्यापासून वाळूच्या पृष्ठभागापर्यंत.
४. पाण्यापासून छतापर्यंत, किंवा टाकीवर झाकणाची पेटी असेल तर पेटीच्या आतल्या माथ्यापर्यंत.

९० सेंमीच्या टाकीत वरचे ४ सेंमी आणि वाळूचे ६ सेंमी वजा केले की वाळूवर उभं पाणी उरतं ८० सेंमी. लाइट निवडताना हाच आकडा धरायचा.

चौथं माप लोक विसरतात आणि तेच सगळ्यात महाग पडतं. खोल टाकीत लाइट उंच टांगता आला पाहिजे. का ते तिसऱ्या टप्प्यात येतं. लाकडी पेटी आधी बनवून घेतली आणि तिच्यात पाण्यावर जेमतेम २० सेंमी जागा उरली, की पुढचे सगळे पर्याय तिथेच संपतात.

तपासा: पाण्यावर निदान ४५ सेंमी मोकळी जागा मिळते का? मिळत नसेल तर लाइट बघण्याआधी पेटीचा विचार बदला.

आणखी एक माप तुमच्या हाताचं. खांद्यापर्यंत हात बुडवला तरी साधारण ६० ते ६५ सेंमीच्या पुढे बोटं पोहोचत नाहीत. खालचं कोरल लांब चिमट्यानेच हलवावं लागणार, आणि त्या वेळी लाइट बाजूला सरकला पाहिजे. म्हणून टांगणी सरकती किंवा वर ओढता येणारी असावी, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

## टप्पा २: कोरल कुठे बसणार ते ठरवा

टाकीचे तीन मजले करा. प्रत्येकाला किती प्रकाश लागेल ते वहीत लिहा. या छंदात सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आकडे असे:

- वरचा मजला (पाण्याखाली २५ ते ४० सेंमी): अ‍ॅक्रोपोरा, २०० ते ३५० पार.
- मधला मजला (४० ते ६० सेंमी): माँटिपोरा १५० ते २५०, हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन ही कोरल ८० ते १५०, लेदर कोरलही याच पट्ट्यात.
- तळ (६० ते ८० सेंमी): मशरूम, झोअँथिड आणि वाळूवर बसणारी मांसल कोरल, ५० ते १००.

या यादीत खोल टाकीचं अर्धं कोडं सुटतं. तळाला ३०० पार पोहोचवायची गरजच नसते. वर ३०० आणि खाली ८० मिळाले, तर तो उतार तुमच्या कामाचा आहे. समुद्रातही खाली जाल तसा उजेड उतरतोच. तळालाही अ‍ॅक्रोपोरा हवंच असा हट्ट धरला की सगळा खर्च त्या हट्टावर होतो, आणि वरचा मजला भाजून निघतो.

खडकाची रचनाही याच टप्प्यात पक्की करा. ८० सेंमी पाण्यात २५ सेंमीचा बुटका ढीग लावायचा आणि मग प्रकाश पुरत नाही म्हणायचं, असं फार होतं. खडक पाण्याखाली ३० सेंमीपर्यंत चढवा, पण भिंतीसारखा उभा नको. पायऱ्या करा. उभ्या भिंतीत वरचा दगड खालच्यावर सावली टाकतो, आणि कितीही ताकदीचा दिवा लावला तरी ती सावली हटत नाही.

कपारींत आणि खडकाच्या छताखाली काय लावायचं? सन कोरलला प्रकाश लागत नाही, ते अशा जागी चांगलं राहतं. मात्र त्याला हाताने भरवावं लागतं. ती तयारी नसेल तर कपार मोकळी ठेवा, मासे वापरतात ती.

इशारा: ‘नंतर जागा बदलू’ हे ६० सेंमी खोल टाकीत चालून जातं. ८० सेंमीवर एक दगड हलवताना तीन कोरल मोडतात.

## टप्पा ३: उतार मोजा

हा टप्पा पुन्हा पुन्हा वाचा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

मोकळ्या जागेत एका ठिपक्यासारख्या दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई. टाकीतली परिस्थिती याहून बरी असते, पण वाईटात वाईट काय होईल ते कळायला हा हिशेब पुरतो.

लाइट पाण्यावर २५ सेंमी आहे असं धरा. खडकाचा माथा ३० सेंमी खाली, म्हणजे दिव्यापासून ५५ सेंमी. वाळू ८० सेंमी खाली, म्हणजे १०५ सेंमी. ५५ ला १०५ ने भागून वर्ग केला की ०.२७ येतात. माथ्यावर ३०० पार असतील तर वाळूवर ८० च्या आसपास.

आता तोच लाइट ४५ सेंमीवर न्या. अंतरं झाली ७५ आणि १२५. भागाकाराचा वर्ग ०.३६. माथ्यावर पुन्हा ३०० आणले तर वाळूवर १०८.

लाइट वर नेल्याने वरच्या आणि खालच्या मजल्यातली दरी कमी झाली. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: तळाला उजेड कमी म्हणून लाइट पाण्याजवळ आणतात. त्याने तळाला थोडं वाढतं, पण माथ्यावर त्याच्या कितीतरी पट वाढतं. मी हेच केलं होतं. खालचं टॉर्च कोरल सुकत चाललं म्हणून लाइट १५ सेंमी खाली घेतला आणि तीव्रताही वाढवली. दोन आठवड्यांत माथ्यावरची अ‍ॅक्रोपोराची दोन झुडपं पांढरी झाली, ती पुन्हा सावरली नाहीत.

उंचीची किंमत मोजावी लागतेच. २५ वरून ४५ सेंमीवर जाताना माथ्यावर तेवढाच प्रकाश हवा तर दिव्याची ताकद सुमारे १.९ पट लागते. खोल टाकीला ताकदीचा लाइट लागतो तो यासाठी: उंचावर टांगून वापरता यावा म्हणून.

टाकीतली परिस्थिती कागदापेक्षा बरी असते, त्याची दोन कारणं. पाण्यात शिरताना किरण उभ्या दिशेकडे वाकतात, त्यामुळे प्रकाश हवेत जितका पसरला असता तितका पसरत नाही. आणि बाजूच्या काचेवर पाण्यातून तिरका पडणारा बराच प्रकाश बाहेर न जाता आरशासारखा आत परततो. यासाठी काच मात्र स्वच्छ हवी. मागच्या आणि बाजूच्या काचांवर गुलाबी थर चढू देणं उथळ टाकीत खपतं, खोल टाकीत तो थर तळाचा उजेड खातो.

पाणी किती प्रकाश खातं? फार नाही. स्वच्छ पाण्याच्या एका मीटरमध्ये निळा प्रकाश जवळजवळ तसाच पोहोचतो. ६५० नॅनोमीटरचा लाल मात्र एक चतुर्थांशापेक्षा जास्त गळतो. म्हणून ‘खोल टाकीला फक्त निळा लाइट’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. मीटरभर खोलीत खरा चोर म्हणजे पाण्याचा पिवळेपणा. सेंद्रिय द्रव्यांनी पिवळसर झालेलं पाणी सगळ्यात आधी निळा प्रकाश अडवतं, आणि कोरलला तोच सर्वाधिक हवा असतो. पांढरी बादली टाकीच्या पाण्याने भरून बघा. पिवळट झाक दिसली तर लाइट बदलण्याआधी हा पिवळेपणा शोषून घेणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बदला.

## टप्पा ४: कोन आणि संख्या

एलईडी लाइटची लेन्स किती कोनात प्रकाश टाकते ते बघा. दिवा पाण्यावर ३० सेंमी असेल तर १२० अंशांची लेन्स पाण्याच्या पातळीवर सुमारे १०४ सेंमी व्यासाचं वर्तुळ करते, ९० अंशांची ६० सेंमी आणि ६० अंशांची जेमतेम ३५ सेंमी.

अरुंद लेन्स खोलवर मारा करते हे खरं. पण वर ३५ सेंमीच्या त्या वर्तुळात प्रकाश एकवटतो आणि बाहेर अंधार राहतो. ‘खोल टाकी म्हणजे अरुंद लेन्स’ हे समीकरण म्हणूनच फसवं आहे. अरुंद लेन्स घेतली तर दिवा उंच टांगा आणि दिव्यांची संख्या वाढवा. रुंद लेन्स उंच टांगली तर बराच उजेड टाकीबाहेर खोलीत सांडतो. ७५ सेंमी रुंद टाकीला पाण्यावर ४० ते ४५ सेंमी उंचीवर साधारण ७० ते ९० अंशांचे दिवे मला सर्वांत सोयीचे वाटले. ४५ सेंमी रुंद टाकीला त्याहून अरुंद कोन चालतो.

संख्येबाबत माझं मत ठाम आहे: एका जबरदस्त दिव्यापेक्षा चार मध्यम दिवे घ्या. वरच्या मजल्यावरच्या बिंदूला मुख्यतः डोक्यावरच्या एका दिव्याचा प्रकाश मिळतो. तळापर्यंत जाताना शेजारच्या दिव्यांची वर्तुळं एकमेकांत मिसळतात, आणि तिथल्या बिंदूला दोन-तीन दिव्यांकडून मिळतो. दरी आपोआप आणखी कमी होते. सावल्याही मऊ पडतात, कारण एका दिव्याने टाकलेली सावली दुसरा भरून काढतो. १५० सेंमी लांबीला उथळ टाकीत तीन दिवे पुरतात. या टाकीत मी चार लावले.

टी-फाइव्हच्या नळ्या (बारीक ट्यूबलाइट) आणि मधोमध एलईडी ही जोडीही चांगली. नळ्या सगळीकडे सारखा प्रकाश पसरवतात आणि एलईडी खोली गाठतात. नळ्या मात्र ९ ते १२ महिन्यांनी बदलायच्या. ४०० वॅटचा मेटल हॅलाइड बल्ब तळापर्यंत सहज पोहोचतो, पण पाणी तापवतो, आणि चिलरचं (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं) बिल लाइटच्या बिलात मिळवूनच त्याचा विचार करावा.

## टप्पा ५: तक्ता वाचा, मग पैसे द्या

प्रत्येक चांगला उत्पादक आपल्या लाइटचा पारचा तक्ता देतो. तो वाचताना हे चार प्रश्न विचारा:

- मोजणी पाण्यात केली आहे की हवेत?
- दिवा पाण्यापासून किती उंचीवर होता?
- सगळे चॅनल (दिव्यातले वेगवेगळ्या रंगांचे गट) १०० टक्के होते, की कोरलसाठीच्या निळ्या सेटिंगवर? तुम्ही सगळे चॅनल पूर्ण कधीच लावणार नाही.
- मधोमधचा आकडा काय, आणि मध्यापासून ३० सेंमीवरचा काय?

जाहिरातीत छापतात तो मधोमधचा. तुमची बहुतेक कोरल मधोमध नसतात.

हवे ते आकडे दिवा ६० ते ७० टक्क्यांवर असताना मिळतील असाच लाइट घ्या. ९५ टक्क्यांवर कसाबसा पुरणारा दिवा पंख्याचा आवाज करतो, तापतो, आणि पुढे कोरल वाढून सावल्या वाढल्या की हाताशी काही उरत नाही.

## टप्पा ६: टांगणं आणि वीज

दिव्यांचं आणि पट्टीचं एकूण वजन करा. छताला आधार लाकडी तुळईत किंवा काँक्रीटमध्ये घ्या. नुसत्या प्लास्टरबोर्डात ठोकलेला हुक महिनाभर टिकतो आणि मग दिवा पाण्यात येतो. आधाराला दुसरी सुरक्षेची तार द्या.

प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. टाकीची सगळी वीज गळती होताच खंडित करणाऱ्या स्विचवरूनच घ्या. खारं पाणी आणि वीज यांच्यात तडजोड नाही.

## टप्पा ७: कोरल आणण्याआधी पार मोजा

पाणी भरलंय, खडक लागलाय, पंप चालू आहेत, कोरल अजून नाही: मोजायची वेळ हीच.

मोबाइलचं लक्समापक अ‍ॅप नको. लक्स माणसाच्या डोळ्याला धरून असतं, आणि आपला डोळा निळा प्रकाश फार कमी पकडतो. निळसर टाकी आपल्याला अंधारी वाटते आणि कोरल मात्र भाजत असतं. अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० हा पाण्याखाली चालणारा मीटर एलईडीसाठी भरवशाचा आहे. विकत घ्यायची गरज नाही. परदेशात अनेक रीफ क्लब आणि दुकानं असे मीटर भाड्याने देतात; दोन दिवसांचं भाडं एका चांगल्या कोरलच्या किमतीपेक्षा कमी असतं. जुने मीटर निळ्या एलईडीचा प्रकाश कमी दाखवतात, त्यामुळे कोणता मॉडेल मिळतोय ते विचारून घ्या.

१. सेन्सर मीटरभर लांब प्लास्टिकच्या काठीला बांधा, तोंड सरळ वर.
२. दिवे रोजच्या कमाल सेटिंगवर आणा आणि १५ मिनिटं थांबा.
३. माथा, मध्य आणि वाळू अशा तीन उंच्यांवर मोजा. प्रत्येक उंचीवर डावं टोक, मध्य, उजवं टोक, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे व मागे, असे सहा आकडे. एकूण अठरा.
४. लाटांमुळे आकडा नाचतो. १० सेकंद बघा आणि मधला लिहा.
५. हात किंवा डोकं दिव्याखाली येऊ देऊ नका.

अठरा आकडे दुसऱ्या टप्प्याच्या यादीशेजारी ठेवा. माथा जास्त आणि तळ कमी असेल तर दिवे १० सेंमी वर घ्या, तीव्रता थोडी वाढवा आणि पुन्हा मोजा. माथा बरोबर आणि टोकं अंधारी असतील तर दिव्यांमधलं अंतर वाढवा. सगळंच जास्त असेल तर फक्त तीव्रता उतरवा. सगळंच कमी असेल तर आधी लेन्सवरचं मीठ पुसा आणि कार्बन बदला. लाइट नवा घ्यायचा का, ते त्यानंतर.

तपासा: टाकीवर जाळी किंवा काचेचं झाकण राहणार असेल तर ते ठेवूनच मोजा.

## टप्पा ८: कोरलला सवय लावा

मोजलेली अंतिम सेटिंग ही मुक्कामाची जागा आहे. सुरुवात तिच्या निम्म्यावरून करा आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत पाच-सहा आठवड्यांत तिथे पोहोचा. बहुतेक चांगल्या एलईडीत यासाठी वेगळी सोय असते, ती वापरा. नवं कोरल आधी आपल्या मजल्याच्या एक पायरी खाली ठेवा, दोन आठवड्यांनी वर घ्या.

कोरलची लक्षणं उलटी वाचली जातात. रंग फिका होत पांढरा पडत असेल तर बहुधा प्रकाश जास्त आहे. तपकिरी होऊन कोरल उजेडाकडे ताणत असेल तर कमी. पांढरं पडणारं कोरल ‘अशक्त’ समजून त्याला आणखी वर, दिव्याखाली नेणं ही मी पाहिलेली सर्वांत घातक चूक आहे.

तळाला प्रकाश थोडाच कमी पडत असेल तर तीव्रता न वाढवता वेळ वाढवा. ८ तासांऐवजी १० तास दिले तर दिवसभरात पोहोचणारा प्रकाश एक चतुर्थांशाने वाढतो, आणि माथ्यावरचा दुपारचा कमाल आकडा तोच राहतो.

इशारा: एका वेळी एकच गोष्ट बदला: उंची, तीव्रता किंवा तास. दोन आठवडे थांबल्याशिवाय दुसरी नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोरल का बिघडलं ते कधीच कळत नाही.

## टप्पा ९: पुढची देखभाल

लेन्स आठवड्यातून एकदा, दिवा बंद करून, ओल्या मऊ कापडाने पुसा. मागची काच महिन्यातून एकदा तरी खरवडा. कार्बन बदलायची तारीख टाकीच्या कडेला लिहून ठेवा. नवा कार्बन घातल्यावर पाणी एकदम स्वच्छ होतं आणि कोरलवर पडणारा प्रकाश अचानक वाढतो, म्हणून फार पिवळं झालेलं पाणी थोड्या थोड्या कार्बनने सावकाश निवळा.

सहा महिन्यांनी मीटर पुन्हा भाड्याने आणा आणि तेच अठरा आकडे घ्या. वरच्या बाजूचं माँटिपोरा ताटासारखं पसरलं असेल, तर खालच्या हॅमरचा आकडा निम्म्यावर आलेला दिसेल. तिथे दिव्याला हात लावू नका. माँटिपोरा छाटा आणि तुकडा क्लबमधल्या एखाद्याला द्या.